कन्नडहून थेट

उमाकांत आप्पांनी इंग्रजी शिकायला घेतलं तेव्हा सारंगखेड्यात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस काहीतरी घेणारच. कुणी माळ घेतं, कुणी शेजाऱ्याशी बांधावरून भांडण घेतं. आप्पांनी इंग्रजी घेतलं.

कारण तसं साधं होतं. मुलगी रोहिणी कॅनडात, माँट्रियलला. जावई सुरतेचे. त्यांची एकुलती एक मुलगी रिना पहिलीत गेलेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल लागायचा, रिना पडद्यावर यायची, आजोबांना हात हलवून दाखवायची आणि निघून जायची. मग पडद्यावर सोफ्याचा एक कोपरा तेवढा उरायचा. आप्पा त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत बसायचे. नातीने दोन वाक्यं तरी आपल्याशी बोलावीत, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मान्य होत नव्हती.

आता कुणी म्हणेल, मराठीत बोलायचं की. आप्पा मराठीतच बोलायचे. पण आप्पांची मराठी कचेरीची. "रिना, तुझी प्रकृती समाधानकारक आहे ना? शालेय प्रगतीबाबत मला अवगत कर." रिनाला 'ये', 'जेव', 'झोप' आणि 'नको म्हटलं ना' एवढी मराठी कळायची. 'अवगत' हा शब्द कानावर पडला की ती सोफ्यावरून उतरायचीच. घरात निर्मलाबाई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, अहिराणीखेरीज दुसरं काही बोलत नसत. आप्पाही ठेच लागली किंवा मन भरून आलं की अहिराणीत उतरत. एरवी चारचौघांत, फोनवर आणि नातीसमोर त्यांची मराठी इस्त्री करूनच बाहेर पडायची.

तर कॅनडा म्हणजे इंग्रजी, असं गृहीत धरून आप्पांनी पावसाळाभर इंग्रजीचा धडाका लावला आणि एका रविवारी कोट घालून फोनपुढे बसले. "गुड मॉर्निंग, माय डियर ग्रँडडॉटर. हाऊ डू यू डू?"

रिनाने मागे वळून आईला काहीतरी विचारलं. रोहिणी हात पुसत आली. "आप्पा, तिला इंग्रजी नाही येत अजून."

"कॅनडात राहून?"

"इथे दोन राजभाषा आहेत आप्पा, इंग्रजी आणि फ्रेंच. केंद्र सरकारचा प्रत्येक कागद दोन्हींत निघतो. पण आमच्या प्रांतात फ्रेंच आधी. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच घ्यावी लागते. मीच ऑफिसात सकाळी इंग्रजी बोलते आणि दुपारी फ्रेंच. मीटिंग एका भाषेत सुरू होते, दुसरीत संपते."

आप्पांनी चष्मा काढला. "प्रत्येक परिपत्रक दोनदा निघतं?"

"हो."

"आणि दोन्हींत तफावत आढळली तर?"

"कायद्याच्या बाबतीत तरी दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत धरतात म्हणे."

यानंतर आप्पा दोन दिवस भारावलेले होते. आपण उभी हयात एकाच भाषेत परिपत्रकं काढली आणि ती कुणालाच कळली नाहीत. तिथे मात्र न कळण्याचीसुद्धा दोन भाषांत सोय केलेली होती. केवढे कारकून लागत असतील, केवढ्या फायली, दोन्हींना वेगवेगळे जावक क्रमांक की एकच? असल्या विचारांत पावसाळाभर शिकलेलं इंग्रजी वाया गेल्याचं दुःख बरंचसं बुडून गेलं. उरलं ते शेजारच्या करणसिंगांनी घालवलं.

करणसिंग घोड्यांच्या व्यवहारातले. गावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात चांगली घोडी कुठल्या गावची आणि कितव्या वेताची हे ते लांबून सांगतात, त्यामुळे बाकीच्या सगळ्याच विषयांत आपल्याला तेवढंच कळतं असा त्यांचा समज झालेला आहे. "फ्रेंच सोपी शे आप्पा," ते ओट्यावर बसत म्हणाले. "सगळी नाकमाईन बोलतस. तुमले सर्दी व्हयनी म्हनजे निम्मी भाषा ऊनी."

फ्रेंचची व्यवस्था मोबाईल दुकानवाल्या पितांबरने केली. फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. ते ॲप आप्पांना रोज 'घोडा सफरचंद खातो' हे वाक्य शिकवायचं. करणसिंगांनी ते ऐकून सांगितलं की इथल्या घोड्यांना सफरचंद परवडत नाही, आणि विषय संपवला. पण आप्पा नेटाचे. पहाटे उठून ओसरीत फेऱ्या मारत नाकातून आवाज काढू लागले. निर्मलाबाईंनी पहिल्या दिवशी आल्याचा काढा दिला, दुसऱ्या दिवशी वाफारा, आणि तिसऱ्या दिवशी, हे नाकाचं नसून डोक्याचं आहे असं मनाशी ठरवून, दोन्ही बंद केलं.

पहिला घोटाळा झाला तो 'कसं काय' या वाक्यावरून. फ्रेंचमध्ये 'कसं काय' याला 'कोमाँ सा वा' म्हणतात. आप्पा सकाळपासून ओसरीत ते घोटत होते. "कोमाँ सा वा. कोमाँ. कोमाँ." निर्मलाबाई भाकर थापता थापता थांबल्या.

"कोन कोमामा गयं?"

आप्पांनी हात हलवून 'थांब' अशी खूण केली, कारण ॲप त्या वेळी उत्तराची वाट बघत होतं. निर्मलाबाईंनी त्या खुणेचा अर्थ 'आता विचारू नको' असा घेतला. त्या परसात गेल्या आणि शेजारणीजवळ मन मोकळं केलं. दुपारपर्यंत गावात बातमी होती की आप्पांचे जावई कॅनडात कोमात आहेत.

माणसं यायला लागली. खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन खाली मान घालून बसायची. आप्पांना वाटलं, आपल्या अभ्यासाचं गावात कौतुक होतंय, म्हणून त्यांनी दोघातिघांना हसतमुखाने 'कोमाँ सा वा' ऐकवलं. माणसांनी एकमेकांकडे बघितलं. दुःखाने आप्पांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं सर्वांनुमते ठरलं. नवलसिंग पाटलांनी मळ्यातल्या पपया पाठवल्या. आजाऱ्याला पपई चांगली, पण ती माँट्रियलला कशी पोचायची हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी संध्याकाळी सुरतेहून व्याह्यांचा रडत फोन आला, तेव्हा सगळा उलगडा झाला. आप्पांनी व्याह्यांची हिंदीत, गावाची मराठीत आणि निर्मलाबाईंची अहिराणीत क्षमा मागितली. एका दिवसात तीन भाषांत माफी मागणारा माणूस खरं तर कॅनडात उच्च पदावर गेला असता.

रविवार आला. आप्पांनी एवढं सोसून मिळवलेलं ते वाक्य रिनापुढे ठेवलं. रिनाने डोळे मोठे केले आणि फ्रेंचमध्ये भराभरा बोलत सुटली. आप्पांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी घोडा सफरचंद खातो हे सांगून पाहिलं. रिनाने खिडकीबाहेर बघितलं. तिथे घोडा नव्हता. ती सोफ्यावरून उतरायच्या बेतात आली.

रोहिणी फोन टेबलाला टेकवून कुकरकडे गेलेली होती. आप्पांना एकदम भडभडून आलं. इस्त्रीबिस्त्री सगळी गळून पडली आणि ते म्हणाले, "बरी शे ना वं माय?"

रिना थबकली. खांदे उडवून म्हणाली, "शे पा."

आप्पा हलून गेले. बोबड्या तोंडचं 'पा', म्हणजे 'बा'. शे बा. आहे, बाबा. बरी आहे, बाबा. कान दगा देत नाहीत ना म्हणून त्यांनी परत विचारलं. "मन्ही याद शे का तुले?"

"शे पा."

"शाळा सुरू शे?"

"शे पा," रिना म्हणाली, आणि निघून गेली.

आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. निर्मलाबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, आता खरंच कुणीतरी कोमात गेलं. आप्पांनी सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या. इंग्रजी नाही, फ्रेंच नाही, आप्पांची ती अवगत मराठीही नाही. पोर थेट आजीच्या भाषेत बोलली होती. रोहिणीने गुपचूप शिकवली असणार, आपल्याला चकित करायला. मग तिच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून आप्पांनी रोहिणीला काही विचारलं नाही. न विचारण्याचा हा निर्णय त्यांनी सेवेत असतानाही अनेक प्रकरणांत घेतलेला होता आणि तेव्हाही तो असाच अंगाशी आला होता.

करणसिंगांनी बातमी ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "रगतमा शे आप्पा. इठलं शिंगरू पंजाबमा ईका, तरी मालकनी हाक इसरत नही."

रक्तात असेल तर ते जगाला दिसलं पाहिजे, असं करणसिंगांचं म्हणणं. ते गावच्या अहिराणी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाचा वार्षिक मेळावा तोंडावर आला होता आणि कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्षांचं भाषण आणि उपाध्यक्षांचं भाषण याखेरीज काही नव्हतं. पोरं घरात मराठी बोलतात, मराठी शाळा सोडून इंग्रजी शाळेत जातात, आपली बोली कुणाला नको, हे रडगाणं दरवर्षीच व्हायचं. आणि इथे साता समुद्रापलीकडे एक चिमुरडी अहिराणीत 'शे बा' म्हणत होती. मंगल कार्यालयात मोठा पडदा लावायचा आणि रिनाला सगळ्यांसमोर बोलतं करायचं असं ठरलं. आप्पांनी 'नको' म्हटलं. पण ते अशा आवाजात म्हटलं की कुणी तो नकार धरला नाही.

लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी आप्पा स्वतः कचेरीत गेले. अर्जात 'कार्यक्रमाची भाषा' असा एक रकाना होता. आप्पांनी त्यात 'अहिराणी' लिहिलं. टेबलामागच्या कारकुनाने कागद लांब धरून पाहिला.

"आप्पा, अहिरानी काही भाषा नही शे. बोली शे ती. हाई खानामा ती बसत नही."

"तुमी आते मन्हासंगे कोनती भाषामा बोली ऱ्हायनात?"

"ते येगळं शे," कारकून म्हणाला. "ते बोलानं काम शे. हाई लिखानं काम शे."

आप्पांनी त्याला कॅनडाची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. एक देश, दोन राजभाषा, प्रत्येक कागद दोनदा. कारकुनाच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. आपलं काम दुप्पट होण्याचा हा काही नवा प्रस्ताव असावा अशी त्याला शंका आली, आणि त्याने घाईघाईने 'इतर' असं लिहून शिक्का मारला. आपल्या मायबोलीला 'इतर' म्हटलं याचा आप्पांना राग आला होता, पण शिक्का मिळाल्यावर न रागावण्याची त्यांना जुनी सवय होती.

फ्लेक्सचं काम पितांबरकडे होतं. त्याने ते शहाद्याच्या छापखान्याला फोनवर सांगितलं, आणि तिथे जसं ऐकू आलं तसं छापलं गेलं. मेळाव्याच्या दिवशी दुपारी मंगल कार्यालयाच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स चढला. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला रिना, आणि मध्ये ठळक लाल अक्षरांत: 'कन्नडहून थेट! चि. रिना अहिराणीतून बोलणार'.

चाळीसगावचा घाट चढला की कन्नड गाव. लोक फ्लेक्सखाली उभे राहून वाचत होते. "कन्नडनी पोर अहिरानी बोलस, त्यामा काय नवल शे?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "मन्ही मावसबहीण तठेच दिधेल शे." दुसरा म्हणाला की एवढं जवळ आहे तर एसटीने आणायची होती, पडद्याचा खर्च कशाला केला. आप्पा प्रत्येकाला बाजूला घेऊन 'कन्नड नव्हे, कॅनडा' असं सांगत होते. शेवटी त्यांनी मार्कर आणवला आणि शिडीवर चढून 'कन्नड'च्या 'क'वर 'कॅ'ची चंद्रकोर काढायला घेतली. शिडी हलली आणि तो चंद्र फ्लेक्सवरच्या आप्पांच्या नाकाखाली मिशीसारखा उमटला. ती मिशी तशीच राहिली.

संध्याकाळी हॉल भरला. तिकडे सकाळ होती. कॉल लागला, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर रिना आली. केस विसकटलेले, हातात दुधाचा पेला. हे सगळं काय आहे हे आप्पांनी रोहिणीला धड सांगितलंच नव्हतं. 'काही मंडळी रिनाला पाहू इच्छितात' एवढंच कळवलं होतं. रोहिणीला वाटलं, चार शेजारी असतील. ती फोन लावून देऊन कॉफी करायला गेली.

आप्पांनी माईक हातात घेतला. "बरी शे ना वं माय?"

"शे पा," रिना म्हणाली.

हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला की रिनाचा पेला हिंदकळला. निर्मलाबाई पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. नवलसिंग पाटील उठून उभे राहिले. आप्पांनी 'याद शे का' विचारलं, 'थंडी शे का' विचारलं. दर वेळी 'शे पा' आलं आणि दर वेळी हॉल दणाणला. इथे थांबायला हवं होतं. पण करणसिंग अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना माईक दिला नाही असा मेळावा अजून झालेला नाही.

"रिना माय," करणसिंग म्हणाले, "तुन्हा आप्पानं नाव काय शे, सांग बरं."

"शे पा."

टाळ्या पडल्या, पण विरळ. करणसिंगांनी घसा साफ केला. "तुन्ही आई कोठे शे?"

"शे पा."

"तू कितवीले शे?"

"शे पा," रिना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "कितवीले शे, तं 'शे बा' म्हनस. हाई कसं?"

तेवढ्यात पडद्यावर रोहिणी आली, कॉफीचा मग घेऊन. समोर तिला चार शेजाऱ्यांऐवजी खच्चून भरलेला हॉल, तोरणं आणि माईकपाशी घामाघूम झालेले वडील दिसले. "आप्पा, काय चाललंय हे?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "रिना अहिराणी बोलते आहे."

रोहिणीने एकदा रिनाकडे आणि एकदा माईककडे बघितलं. मग तिला कळलं, आणि तिने सांगून टाकलं. ते सांगताना आपला आवाज मंगल कार्यालयाच्या सगळ्या कोपऱ्यांत पोचतो आहे याची तिला कल्पना नव्हती. "अहो आप्पा, ती फ्रेंच बोलतेय. 'झ न से पा' म्हणजे मला माहीत नाही. मुलं घाईत त्याचं 'शे पा' करतात. तुम्ही विचारताय ते तिला कळत नाहीये."

माणसं वाईट नव्हती. पण बरीचशी दुपारपासून त्या मिशीकडे बघत बसलेली होती, आणि हसू कुठेतरी साठलेलं होतंच. हॉल फुटला. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. करणसिंगसुद्धा हसले. आप्पा माईक हातात धरून तसेच उभे होते, आणि त्यांचं लक्ष फक्त पडद्याकडे होतं. रिनाने हॉलकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिचा ओठ खाली वळला. भिंतीएवढ्या पडद्यावर भिंतीएवढे अश्रू आले. ती उठून पळाली. पडद्यावर सोफ्याचा कोपरा उरला.

नंतर बरेच दिवस गावात 'शे पा'ला तोटा नव्हता. नळाला पाणी कधी येणार विचारलं की ग्रामपंचायतीचा शिपाई 'शे पा' म्हणायचा. दोंडाईच्याची गाडी लागली का, शे पा. कापसाला भाव काय निघाला, शे पा. लोकांना एवढा सोयीचा शब्द आजवर मिळालेला नव्हता. आप्पा दिसले की माणसं तो गिळायची आणि आप्पा पुढे गेले की सोडायची. आप्पांनी चौकातून जाणं बंद केलं. पण ते त्यांना सोसवलं असतं. माणसाने शिडीवर चढून स्वतःलाच मिशी काढली की त्यानंतर काय सोसवत नाही?

सोसवलं नाही ते पुढच्या रविवारचं. कॉल लागला आणि रिना आलीच नाही. हात हलवायलासुद्धा नाही. "ती म्हणते, मी काहीतरी चुकीचं बोलले म्हणून आप्पांकडचे सगळे लोक मला हसले," रोहिणी म्हणाली. "मी समजावलं. पण लहान आहे ती."

त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही.

"पोरले रडाई दिधं तुमी," निर्मलाबाई म्हणाल्या. त्या कधी तोडून बोलत नसत. एवढंच बोलून त्या परसात गेल्या. आप्पा ओसरीत बसून राहिले. दोन वाक्यांची हाव धरली होती आणि होता तो हलता हातही गेला होता. आपल्याला शहाणपण दाखवायचं होतं म्हणून एवढंसं लेकरू गावापुढे उभं केलं, हे त्यांना इतकं लागलं की त्यांनी ॲप उघडलं आणि पितांबरच्या मदतीने त्यातून एकच वाक्य शोधून काढलं. 'झ स्वी देझोले'. मला वाईट वाटतंय. ते त्यांनी आठवडाभर घोटलं, दार लावून, म्हणजे पुन्हा गावात काही अफवा उठायला नको.

रविवारी त्यांनी रोहिणीला विनंती केली: रिना जिथे खेळत असेल तिथे फोन नेऊन ठेव, आणि तू जा. रोहिणीने तसं केलं. पडद्यावर जमिनीवर मांडलेले ठोकळे दिसले आणि रिनाची पाठ दिसली. रिनाने मान वळवली नाही.

आता इथे एक खाजगी बाब सांगावी लागते. आप्पांना वरच्या बाजूला कवळी होती. ही गोष्ट घरात कुणीही कधी बोलत नसे. आप्पा ती मोरीचं दार लावून काढत आणि धुऊन लावूनच बाहेर येत. निर्मलाबाईंनीसुद्धा आप्पांना तिच्याशिवाय पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर गेलेल्या अधिकारापैकी जे काही शिल्लक होतं ते आप्पा या कवळीच्या जोरावर सांभाळून होते. आणि फ्रेंच भाषेतला तो 'झ' कवळीवाल्या माणसांचा विचार करून घडवलेला नाही.

"रिना," आप्पा म्हणाले. "झ स्वी." आवाज भरून आला होता, म्हणून त्यांनी पुढचा शब्द जोर लावून म्हटला. "देझोले."

कवळी सुटली, ओठांवर आली, आणि आप्पांनी झेलायच्या आत फोनवर आपटून टेबलावर पडली.

खडखड ऐकून रिनाने मान वळवली. तिच्या पडद्यावर आप्पा तोंडावर हात ठेवून बसले होते. निर्मलाबाई दारातून बघत होत्या. आप्पांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. फोन बंद करायला त्यांनी बोट पुढे केलंसुद्धा, पण रिना पुढे आली होती. ती अगदी जवळ आली, इतकी की पडद्यावर नुसतं तिचं तोंडच उरलं, आणि ते तिने उघडलं. वरचा पुढचा एक दात नव्हता. नुकताच पडलेला असावा. तिने जिभेने ती खिंड दाखवली, मग आप्पांकडे बोट केलं.

आप्पांनी सावकाश तोंडावरचा हात काढला. आणि हसले. समोरून रिना किंचाळली, आनंदाने, आणि ठोकळ्यांत बसकण मारून हसत सुटली. आप्पांनी कवळी उचलली, धोतराला पुसली, बसवली, ताठ बसून कचेरीतला चेहरा केला. मग जिभेने ढकलून ती परत खाली आणली.

"आँकोर!" रिना ओरडली.

आप्पांनी ॲपला विचारलं नाही. बसवली, चेहरा केला, पाडली. "आँकोर!" परत बसवली. रिना पोट धरून लोळत होती, उठत होती, पडद्याला नाक लावून त्यांच्या तोंडात डोकावत होती, आणि मध्येच फ्रेंचमध्ये त्यांना भराभरा काहीतरी सांगत होती. आप्पाही तिला सांगत होते, दात नसलेल्या अहिराणीत, आपला कोणता दात कधी गेला ते. बराच वेळ झाला तरी सोफ्याचा कोपरा काही पडद्यावर आला नाही.

निर्मलाबाई हळूच आप्पांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हनी ऱ्हायनी ती?"

आप्पांनी कवळी हातात धरून मागे बघितलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"आखो एकदाव, म्हनस," ते म्हणाले, आणि पुन्हा रिनाकडे वळले.